पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

आपल्या जामखेड तालुक्यात सीना नदीच्या तीरी चौंडी हे लहानसे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी जी कन्या जन्मास आली, तिचेच नाव आज आपल्या जिल्ह्याने धारण केले आहे. त्या ख्रिस्ती नव्हत्या. आमरण शिवभक्त होत्या. तथापि भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचे जे कर्तव्य आपण धर्मशिक्षणात शिकतो, ते आमच्याच मातीतील या साध्वीने इतक्या निष्ठेने आचरिले की, या महोत्सवी पुस्तिकेत त्यांचे चरित्र नसावे, हे आम्हांस कृतघ्नपणाचे वाटले.

मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह बालपणीच झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले. बाई सती जाण्यास सिद्ध झाल्या असता वृद्ध सासऱ्यांनी काकुळतीस येऊन त्यांस परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव व पुढील वर्षी एकुलते पुत्र मालेराव निवर्तले. तेव्हा दिवाणांनी दत्तकाचे निमित्त करून सत्ता बळकाविण्याचा घाट घातला. पण बाई डगमगल्या नाहीत. फौजेचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून त्यांनी महेश्वर येथून अठ्ठावीस वर्षे राज्य चालविले.

काशीचे मंदिर, गयेचे मंदिर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा सर्वश्रुतच आहेत. यांपैकी कित्येक त्यांच्या राज्याबाहेरची, आणि खर्च बहुतांशी खासगीच्या उत्पन्नातला, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. परंतु आमचे मन रमते ते लहान गोष्टींत. माल्कम नामक इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या मागे पंचवीस-तीस वर्षांनी माळव्यात चौकशी करून त्या लिहून ठेविल्या आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंकरिता रस्तोरस्ती पाणी ठेविलेले असे. हिवाळ्याच्या आरंभी दुबळ्यांस वस्त्रे मिळत. भर उन्हात नांगर ओढणारे बैल थांबवून बाईंचे सेवक त्यांस पाणी पाजीत. शेतकरी पाखरे हाकलतात, म्हणून पाखरांनी निर्वेध दाणे टिपावेत यासाठी त्यांनी शेते विकत घेतली होती. निपुत्रिक विधवांचे धन सरकारजमा करणेही त्यांस मान्य नसे; उलट दत्तक घेण्याची मोकळीक त्या देत. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणिला, तो त्यांनी नर्मदेत टाकविला.

इतके देणाऱ्या या माउलीच्या पदरी स्वतःचे असे काही उरले नाही. नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले, आणि कन्या मुक्ताबाई सती निघाली. या रूढीचे समर्थन आम्ही करणार नाही. एकदा स्वतः चितेवाचून मागे राहिलेल्या त्या मातेने लेकीची परोपरीने विनवणी केली. ती व्यर्थ गेली. पुढे तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र राज्याचा कारभार आणि दानधर्म दोन्ही पूर्ववत सुरू झाले, ते १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरी त्यांनी देह ठेवीपर्यंत.