मुक्कामाला गेले आणि तिथलेच झाले

हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचा निळा समुद्र, नारळाची झाडं आणि गळ्यात फुलांच्या माळा घातलेले पर्यटक येतात. पण याच हवाईतल्या मोलोकाई नावाच्या बेटावर एक कोपरा असा आहे, जिथे एकेकाळी माणसांना नेऊन सोडत ते परत न आणण्यासाठीच. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला पाच-सहाशे मीटरचा उभा कडा. या जागेचं नाव कालाउपापा. तुरुंग बांधायची गरजच नव्हती, निसर्गानेच तो बांधून ठेवला होता. या तुरुंगात आपल्या पायांनी चालत गेलेल्या एका माणसाबद्दल मला लिहायचं आहे.

फादर डेमियन! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी हे नाव मॉरल सायन्सच्या तासाला कधी ना कधी ऐकलेलं असतं. तिथे ते भेटतात ते डोक्यामागे तेजोवलय असलेले संत म्हणून. मला मात्र त्यांची ओढ वाटली ती वेगळ्याच कारणाने. या माणसाच्या हातात जपमाळेइतकाच वेळ हातोडा असायचा. डिग्री नव्हती, पण काम बघितलं तर ते आमच्या सिव्हिल ब्रँचचेच!

डेमियन यांचं मूळ नाव योझेफ डे व्हुस्टर. जन्म ३ जानेवारी १८४०, बेल्जियममधल्या ट्रेमेलो या खेडेगावात. घरची शेती आणि धान्याचा व्यापार. अंगापिंडाने दणकट असलेल्या या मुलाने पुढे हाच धंदा सांभाळावा अशी वडिलांची इच्छा. पण मोठ्या भावापाठोपाठ तोही लुवेन शहरातल्या मठात दाखल झाला आणि योझेफचा डेमियन झाला. खरं तर हवाईला जायचं होतं त्या मोठ्या भावाला. सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी भाऊ टायफसच्या तापाने अंथरुणाला खिळला. तेव्हा डेमियनने मठातल्या वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला, संघाच्या प्रमुखांना पत्र पाठवलं, की भावाच्या जागी मला पाठवा. परवानगी मिळाली! पण प्रॉपर चॅनेल सोडून वर लिहायची ही सवय आयुष्यभर गेली नाही आणि तिने त्यांना बराच त्रासही दिला.

पाचेक महिन्यांचा समुद्रप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी डेमियन होनोलुलूला उतरले. त्या काळी हवाई अमेरिकेचा भाग नव्हता, ते स्वतंत्र राज्य होतं, त्याला स्वतःचा राजा होता. दोन महिन्यांत ते फादर झाले आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी सगळ्यात मोठ्या बेटावर खेड्यापाड्यांत फिरण्यात घालवली. हवाईयन भाषा शिकले, लाकडं वाहिली, आपल्या हातांनी छोटी छोटी चर्चेस उभी केली. सुतारकामाची प्रॅक्टिकल्स तिथे झाली म्हणायची.

बाहेरून आलेल्या जहाजांबरोबर हवाईत नवनवे रोगही आले होते. स्थानिक लोक त्यात भराभर मरत होते. त्यातलाच एक कुष्ठरोग. औषध नव्हतं, रोग कसा पसरतो ते नीट माहीत नव्हतं आणि भीती मात्र प्रचंड होती. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या काळात कायदा झाला आणि जानेवारी १८६६ पासून रुग्णांना पकडून मोलोकाईला पाठवायला सुरुवात झाली. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल तुटलं. पाठवणाऱ्यांची कल्पना अशी, की ही माणसं तिथे शेती करतील आणि स्वतःचं पोट भरतील. बोटं झडलेल्या माणसाने कुदळ कशी धरायची, हा विचार कागदावर झालाच नव्हता!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मॉरल सायन्सच्या पुस्तकात ती बहुधा नसते. या तुरुंगात आपणहून जाणारे डेमियन पहिले नव्हते. काही रुग्णांबरोबर त्यांचे नातेवाईक स्वतःहून जात. त्यांना हवाईयन भाषेत कोकुआ म्हणत, म्हणजे मदतनीस. योनातान नापेला हे त्यातलं मोठं नाव. मॉर्मन पंथाचे धर्मग्रंथ हवाईयन भाषेत आणायला मदत करणारा हा प्रतिष्ठित माणूस १८७३ मध्ये आजारी बायकोसोबत मोलोकाईला गेला. पुढे त्यालाही रोग झाला आणि १८७९ मध्ये तो तिथेच वारला. पंथ वेगळे असूनही त्याची आणि डेमियन यांची चांगली मैत्री होती.

मे १८७३. माउई बेटावर एका चर्चच्या उद्घाटनाला बिशप मैग्रे यांनी फादरांपुढे मोलोकाईचा विषय काढला. तिथल्या रुग्णांना कायमचा फादर हवा होता, पण कुणालाही आज्ञा करून तिथे पाठवायचं बिशपांच्या मनाला पटत नव्हतं. चार तरुण फादर तयार झाले. ठरलं असं, की चौघांनी आळीपाळीने जायचं, म्हणजे एकावरच भार पडणार नाही. पहिला नंबर डेमियन यांचा. १० मे १८७३ ला गुरं आणि नवे रुग्ण भरलेल्या बोटीतून ते कालाउपापाला उतरले. वय ३३. जवळ प्रार्थनेच्या पुस्तकाखेरीज जवळपास काहीच सामान नाही. राहायला घर नव्हतं म्हणून कालावाओ वस्तीतल्या चर्चशेजारच्या झाडाखाली झोपले. ते झाड आपल्या केवड्याच्या जातीचं.

आळीपाळीचं वेळापत्रक तिथेच संपलं. दुसरा नंबर आलाच नाही, कारण पहिल्याने जागा सोडली नाही.

सुरुवातीचे दिवस भयंकर होते. जखमांचा वास इतका, की डेमियन यांना चर्चमधून बाहेर पळावंसं वाटे. त्यावर उपाय म्हणून ते पाइप ओढायला लागले. रुग्णांच्या झोपड्या म्हणजे एरंडाच्या फांद्या उभ्या करून वर उसाची पानं टाकलेली. प्यायचं पाणी लांबून वाहून आणावं लागे, मग आंघोळ आणि जखमा धुणं दूरच राहिलं. १८७३ चा उन्हाळा संपता संपता बोटीने पाण्याचे पाइप आले. डेमियन यांनी हात-पाय शाबूत असलेल्या रुग्णांना गोळा केलं आणि सगळ्यांनी मिळून पाइप टाकले, एक छोटी टाकी बांधली. कालावाओत प्यायला, आंघोळीला, कपड्यांना पाणी आलं. मला विचाराल तर हा त्यांचा सगळ्यात मोठा चमत्कार! कुष्ठरोगात नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही, ती चिघळत जाते. अशा माणसाला स्वच्छ पाण्याची किंमत काय असेल, याचा विचार करा.

पुढच्या वर्षी, १८७४ मध्ये, कोना नावाच्या दक्षिणेकडच्या वादळी वाऱ्याने त्या कुजक्या झोपड्या उडवून लावल्या. रुग्ण भिजलेल्या घोंगड्यांत पडून होते. डेमियन यांनी आरोग्य मंडळाकडे तगादा लावला, लाकूड आलं आणि साधी पण पक्की घरं उभी राहू लागली. ज्यांना जमेल त्यांनी आपलं घर बांधायचं, ज्यांना जमत नाही त्यांचं फादर आणि पोरं बांधणार. अनाथ मुलामुलींसाठी वसतिगृहं झाली, बँड झाला, चर्चमध्ये गायनाचं पथक झालं. आणि मेलेल्यांसाठी शवपेट्या... त्याही फादरच ठोकत. पूर्वी कित्येकांना पेटीशिवाय, उथळ खड्ड्यात पुरलं जाई. ज्या वस्तीत माणसाला नीट पुरतात, तिथे जिवंत माणसालाही आपण माणूस आहोत असं वाटायला लागतं.

सरकारने फादरांनाही रुग्णांसारखंच बंदीत ठेवायचं ठरवलं होतं. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, तर त्यांना उतरू दिलं नाही आणि डेमियन यांना बोटीवर चढू दिलं नाही. शेवटी डेमियन यांनी खाली होडीत उभं राहून, वर बघून, सगळ्यांदेखत मोठ्याने आपलं पापनिवेदन केलं. फ्रेंचमध्ये केलं, एवढाच काय तो आडपडदा. ही बंदी पुढे सैल झाली.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघतोच. डेमियन धर्म पसरवायलाच गेले होते, हे लपवायचं कारण नाही. ते हट्टी होते, तापट होते, सहकाऱ्यांशी त्यांचं पटत नसे. पण जखम बांधताना ते पंथ विचारत नसत. त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूच्या हाइड नावाच्या एका पाद्रीने त्यांच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारं पत्र लिहिलं. त्याला १८९० मध्ये जाहीर उत्तर दिलं ते ट्रेझर आयलंडवाल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. स्टीव्हन्सन स्वतः कालाउपापाला राहून आले होते. गंमत म्हणजे त्यांनी डेमियन यांचे दोषही लपवले नाहीत. दोषांसकट माणूस मोठा असू शकतो, हेच त्यांचं म्हणणं होतं.

लोकप्रिय गोष्ट अशी सांगतात, की एका रविवारी प्रवचनात डेमियन यांनी नेहमीच्या बंधूंनो ऐवजी आपण कुष्ठरोगी अशी सुरुवात केली आणि सगळ्यांना कळलं, की फादरांनाही रोग झाला. नाटकात शोभेल असा प्रसंग! पण १८७३ च्या नोव्हेंबरमध्येच, धडधाकट असताना, त्यांनी भावाला लिहिलं होतं, की मी प्रवचनात स्वतःला यांच्यातच धरून बोलतो. म्हणजे रोग झाला म्हणून ते त्यांच्यातले झाले नाहीत. ते पहिल्याच वर्षी झाले होते, रोग मागाहून आला.

१८८४ च्या अखेरीस उकळत्या पाण्यात पाय पडला, फोड आले, पण दुखलंच नाही. त्यांनी ओळखलं. १८८५ मध्ये डॉक्टरांनी शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर कामाचा वेग उलट वाढला. मदतीला माणसंही आली. अमेरिकन यादवी युद्धातला सैनिक जोसेफ डटन १८८६ मध्ये आला आणि चाळीसहून जास्त वर्षं राहिला. १८८८ मध्ये मदर मारियान कोप आपल्या सिस्टर्सना घेऊन आल्या. हात धुण्याबद्दल त्या फार कडक होत्या आणि त्यांना रोग झाला नाही. डेमियन रुग्णांच्या एकाच भांड्यात जेवत, आपला पाइपही त्यांना देत. आपुलकीला जागा आहे, तशी साबणालाही आहे. मदर मारियान यांनी दोन्ही सांभाळलं आणि १९१८ मध्ये वारेपर्यंत तिथेच सेवा केली.

१५ एप्रिल १८८९ ला डेमियन गेले, वयाच्या ४९ व्या वर्षी. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरलं. १९३६ मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेला. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात तेवढा मोलोकाईला परत आला. नेमका कामाचा हात! २००९ मध्ये ते अधिकृतपणे संत झाले.

ज्या साली डेमियन मोलोकाईला उतरले, त्याच १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. पण कालाउपापाला औषध पोहोचायला १९४६ साल उजाडलं आणि सक्तीची बंदी उठायला १९६९. रोग बरा होतो हे कळूनही मनातला कडा पडायला वेळ लागतो. आपल्याकडेही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते थेट २०१९ मध्ये. वरोऱ्याला आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांना १९८३ मध्ये मिळालेला एक पुरस्कार डेमियन आणि डटन यांच्या नावाचा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

आपणही एनएसएसच्या शिबिराला सात दिवस गावात जातो. बंधारा बांधतो, फोटो काढतो, परत येतो. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांनी सोळा वर्षं राहावं असंही नाही. पण परत आल्यावर आपण गावाबद्दल बोलताना ते लोक म्हणतो की आपण लोक म्हणतो, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही. कालावाओच्या पाइपलाइनची खरी सुरुवात तिथूनच झाली होती.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी