पाण्याचा भार मोजणारा अभियंता

जुलै महिना सरत आला की कोल्हापूरकरांचे कान राधानगरीकडे लागतात. धरणाची पातळी ३४७.५० फुटांवर गेली की भोगावतीवरील त्या जुन्या भिंतीतील सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी एखादा उघडतो. कुणी कळ दाबत नाही, कुणी चाक फिरवत नाही. एका दरवाज्यातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडू लागते आणि काही तासांनी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर त्याचा परिणाम दिसतो. पाण्याने स्वतःच्याच भाराने स्वतःची वाट मोकळी करावी, हे या दरवाज्यांमागचे तत्त्व. त्याच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कर्नाटकाचे सुपुत्र असले, तरी अभियंता म्हणून घडले ते महाराष्ट्रात.

चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर रोजी त्यांचा जन्म झाला. जन्मवर्ष कुठे १८६० तर कुठे १८६१ असे दिले जाते. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित. घरी विद्या होती, पैसा नव्हता. पित्याचे छत्र शालेय वयातच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बी. ए. पूर्ण केले आणि म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ ची अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होताच मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्यांना सहायक अभियंता म्हणून घेतले.

पुढची चोवीस वर्षे नाशिक, खानदेश, सिंधमधील सक्कर, पुणे अशी गेली. खानदेशात पांझरेच्या पाण्यासाठी भर पावसाळ्यात नळ टाकण्याचे काम या नवशिक्या अभियंत्याने तडीस नेले. सक्करला सिंधूचे गढूळ पाणी नदीच्याच वाळूतून गाळून शहराला दिले. परंतु त्यांची बुद्धी खऱ्या अर्थाने कसाला लागली ती पुण्याजवळ, खडकवासल्याला.

मुठेवरील हे दगडी धरण १८७० च्या दशकातले. पुण्याची आणि लष्कराची तहान वाढत होती, साठा अपुरा पडत होता. भिंत उंच करावी, हा उपाय कुणालाही सुचला असता. पण धरणाच्या भिंतीचे गणित तसे सरळ नाही. पाण्याची खोली दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण दाब चौपट होतो आणि तिला उलथवू पाहणारा जोर आठपट. जी भिंत एका उंचीच्या पाण्यासाठी बांधली, तिच्यावर चार फूट दगड रचून अधिक पाणी अडवणे म्हणजे पायाशी जुगार खेळणे.

विश्वेश्वरय्यांनी प्रश्न उलटा करून पाहिला. दरवर्षी पुराच्या वेळी सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जातच होते. म्हणजे तेवढा भार भिंत दर पावसाळ्यात पेलत होती. तो तिच्या मूळ हिशेबातलाच होता. मग पूर ओसरताना तेच पाणी सांडव्यावर दरवाजे बसवून अडवले तर? साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढणार होता आणि भिंतीला ठाऊक नसलेला एक शेरही भार तिच्यावर येणार नव्हता. अट एकच होती. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढू लागताच दरवाजे उघडलेच पाहिजेत, मग मध्यरात्र असो, वादळ असो वा पहारेकरी झोपलेला असो. म्हणून दरवाज्याचे वजन आणि त्याला तोलणारे प्रतिवजन यांचा तोल त्यांनी असा साधला, की चढलेल्या पाण्यानेच तो मोडावा आणि पाणी उतरले की पुन्हा जुळावा. १९०३ मध्ये हे दरवाजे बसले. त्यांचे पेटंट विश्वेश्वरय्यांकडे होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही.

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याची खुर्ची हिंदी माणसाला मिळणार नाही, हे दिसू लागले तेव्हा त्यांनी सेवानिवृत्ती मागितली. योगायोग असा, की १९०८-०९ च्या सुमारास ते हा इलाखा सोडत असताना राजर्षी शाहू महाराज भोगावतीवर धरणाचे काम सुरू करत होते. ते काम १९१८ च्या सुमारास पैशाअभावी चाळीस फुटांवर थांबले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले.

इकडे विश्वेश्वरय्यांनी १९०८ च्या मुसी नदीच्या प्रलयानंतर हैदराबादची पूरयोजना आखली, १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंतापद स्वीकारले. कृष्णराजसागर धरणाला प्रथम ऐंशी फुटांपर्यंतच परवानगी मिळाली होती. त्यांनी पाया मात्र एकशे चोवीस फुटांच्या भिंतीचा भार पेलेल एवढा रुंद घातला. परवानगी पुढे मिळेल, पाया मागाहून रुंद करता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. येथे कोल्हापूरच्या वाचकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. म्हैसुरात तसाच प्रश्न उभा राहताच विश्वेश्वरय्यांनी गुणवत्तेचा आग्रह धरला आणि अखेर दिवाणपद सोडले. दगडावरचा भार अचूक मोजणाऱ्या या माणसाला समाजाच्या तळाशी असलेल्यांवरचा भार तितक्या स्पष्टपणे दिसला नाही, असेच म्हणावे लागते.

वृद्धापकाळानेही त्यांना घरी बसवले नाही. बिहारमध्ये गंगेवर रेल्वे व रस्ता दोन्ही वाहून नेणारा पोलादी पूल कोठे बांधावा, हे ठरवण्यासाठी नव्वदी ओलांडलेले विश्वेश्वरय्या नदीकाठी जाऊन पाहणी करून आले. मोकामा येथे १९५९ मध्ये तो पूल खुला झाला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. तो लोंढा कोणत्याही पावसाळी पुराच्या हिशेबात नव्हता. खडकवासल्याच्या भिंतीवर तिला न पेलणारा भार आला आणि तीही फुटली, पुणे बुडाले. त्या दिवशी विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते, बंगळूरला होते. त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांचे निधन झाले. राधानगरीचे दरवाजे मात्र त्यानंतरही पावसाळ्यात आपले आपण उघडत राहिले आणि पातळी उतरली की आपले आपण मिटत राहिले.