टी-टेस्टचा जनक आणि लॅनार्कशायरचे दूध

मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांना संख्याशास्त्रातले दुसरे काही आठवो न आठवो, ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ आठवतेच. दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे ती पाहते. उत्तर ०.०५च्या खाली आले की प्रबंध मार्गी लागला, असा सर्रास समज. ज्यांनी ही चाचणी दिली, त्यांना मात्र एवढ्यावर कधीच समाधान वाटले नाही.

विल्यम सीली गॉसेट यांचा जन्म १८७६चा, इंग्लंडमधील कँटरबरीचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकून १८९९ मध्ये ते डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात लागले. बार्लीचे वाण पारखायला हाताशी मोजक्याच शेतांचे आकडे असत आणि तेव्हाचे संख्याशास्त्र तर मोठ्या नमुन्यांवर बेतलेले. कंपनीने त्यांना १९०६ मध्ये लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे पाठवले. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी त्यांनी कार्डांवर उतरवली, कार्डे पिसली, चार-चारचे ७५० नमुने केले आणि आपले गणित ताडून पाहिले. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त लेख आला तो ‘स्टुडंट’ या टोपणनावाने, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिणे कंपनीला मंजूर नव्हते.

पाच टक्क्यांची रेषा रूढ केली ती रोनाल्ड फिशर यांच्या १९२५च्या पुस्तकाने. गॉसेट यांच्या मते किती खात्री पुरेशी, हे चूक झाल्यास किती नुकसान होणार यावर ठरावे. कारखान्यात पैसे ओतणाऱ्या माणसाचाच हा हिशेब!

त्यांची नजर खरी दिसली ती १९३१ मध्ये. आदल्या वर्षी स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये वीस हजार शाळकरी मुलांवर चार महिने प्रयोग झाला होता. दहा हजारांना रोज पाऊण पिंट दूध मिळाले, दहा हजारांना नाही. दूध पिणारी मुले अधिक वाढली, असा निष्कर्ष निघाला. गॉसेट यांनी मुलांची निवड कशी झाली, ते पाहिले. आधी चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमाने गट पाडले होते. पण एखाद्या गटात फारच धष्टपुष्ट किंवा फारच हडकुळी मुले दिसली, तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकही माणसेच. गरीब, अशक्त पोरांकडे दुधाचा पेला सरकला असावा. बिनदुधाचा गट सुरुवातीलाच उंच आणि वजनदार निघाला.

शिवाय वजन कपड्यांसकट केलेले. फेब्रुवारीत लोकरी कपडे, जूनमध्ये हलके. ज्याच्या अंगावर थंडीतही फारसे काही नव्हते, त्याचे वजन कपड्यांमुळे कमी घटणार. म्हणजे गरीब मूल कागदावर जास्त वाढलेले दिसणार. आकडा वीस हजारांचा असला, तरी यातले काहीच दुरुस्त होत नाही. कोणतीही चाचणी हे सांगत नाही. ते वर्गात शिकवावे लागते, आणि माझ्या मते सूत्राच्या आधी.

गॉसेट यांनी पर्यायही सुचवला. एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्या, नाणे उडवून एकाला दूध द्या. खर्च थोडा आणि भरवसा जास्त.

१९३५ मध्ये कंपनीच्या लंडनमधील नव्या कारखान्यासाठी ते तिकडे गेले. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या ६१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचे जवळपास सगळे लेखन ‘स्टुडंट’ याच नावाने छापले जात होते.