काळ्या कणांवरून मलेरियाचा 'गुन्हेगार' पकडणारा लष्करी डॉक्टर!

मलेरियाने मेलेल्या माणसाची प्लीहा काळपट पडते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. पण हा काळा रंग येतो कुठून? या प्रश्नाच्या मागे लागले अल्फोन्स लाव्हराँ.

१८४५ साली पॅरिसमध्ये जन्मलेले लाव्हराँ फ्रेंच लष्करात डॉक्टर होते. १८७८ मध्ये त्यांची अल्जेरियात बदली झाली. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटीनच्या लष्करी रुग्णालयात ते एका सैनिकाचं ताजं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काळे कण असलेल्या एका गोल पेशीतून बारीक धागे निघाले आणि चक्क वळवळायला लागले! म्हणजे तो जिवंत परजीवी होता.

इटलीतले नामांकित संशोधक तेव्हा मलेरियाचं खापर जिवाणूवर फोडत होते. साहजिकच लाव्हराँवर कित्येक वर्षं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

आणि ते काळे कण? परजीवी तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं 'हीम' त्याच्यासाठी विषच. मग तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून स्वतःच्या आतच साठवतो. तेच हे हिमोझोइन. क्लोरोक्विन नेमकं हे स्फटिक बनणंच अडवतं, आणि परजीवी आपल्याच जेवणाने मरतो.

१८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात परजीवी ओळखता आला, तोही याच कणांवरून. गंमत म्हणजे रॉसना नोबेल १९०२ मध्येच मिळालं, लाव्हराँना १९०७ मध्ये! त्यातली निम्मी रक्कम त्यांनी पाश्चर संस्थेत उष्ण प्रदेशांतल्या रोगांची प्रयोगशाळा काढायला देऊन टाकली.