पन्नास रुपये महिना

कोसंबी म्हटलं की गणिताची आवड असणाऱ्यांना दा. ध. कोसंबी आठवतात, इतिहासाच्या नादी लागलेले गणिती. मित्रांनो, मी लिहितोय ते त्यांच्या वडिलांबद्दल, धर्मानंद कोसंबींबद्दल.

जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. शाळा फारशी झालीच नाही. घरच्या माडांची देखभाल करता करता मराठी पुस्तकं वाचायची, एवढंच शिक्षण. 'बाळबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाची झोप उडाली. (मासिकातला एखादा लेख इतकं करू शकतो, हे आपल्या संपादक मंडळानं लक्षात घ्यावं!) १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे बायको बाळाबाई आणि तान्ही माणिक.

पुणे, मग काशी. तिथं अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. आपण मेसच्या भाजीवरून जे रणकंदन करतो, ते तेव्हा आठवावं. पुढे नेपाळ, बोधगया, १९०२ मध्ये श्रीलंका, नंतर ब्रह्मदेश. पाली शिकले, भिक्षू झाले, ध्यान केलं. म्हणजे हवं ते सगळं मिळालं होतं. तिथंच राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९०६ मध्ये ते परतले आणि पुन्हा संसारात आले. बाळाबाईंनी ती सात वर्षं कशी काढली असतील याचा हिशेब कुठल्याच चरित्रात नीट मिळत नाही, आणि मला तो राहून राहून सलतो.

मग आली कलकत्त्याची पाली शिकवण्याची नोकरी. त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सांगितलं की महाराष्ट्रात कुठंही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, महिना पन्नास रुपये देऊ. कलकत्त्याचा पगार त्याहून कितीतरी जास्त. तरी धर्मानंदांनी पन्नास रुपये घेतले, कारण बुद्ध मराठी माणसाला मराठीत कळावा ही तळमळ. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाचायला जरा जडच जातं, कबूल!

१९१० मध्ये त्यांना हार्वर्डचं बोलावणं आलं, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. त्या कामासाठी ते तीन-चार वेळा अमेरिकेला जाऊन आले. मधल्या काळात फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला गेले. हे झरझर सांगतोय, कारण मला थांबायचंय ते त्यांच्या 'भगवान बुद्ध' या पुस्तकापाशी.

म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबींना ती पटेना. त्यांनी जुनी पाली सुत्तं चाळली आणि वेगळंच कारण मांडलं. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणं होत. (सिव्हिलवाल्यांनी कान टवकारावेत.) शेजारी शेजाऱ्यावर शस्त्र उगारतोय हे बघून सिद्धार्थ अस्वस्थ झाला आणि यातून सुटायची वाट शोधायला निघाला. म्हणजे स्वतःच्या मरणाची भीती नव्हे, तर माणसांच्या आपसातल्या वैराची काळजी. या एका फरकानं माझ्यापुरता तरी बुद्ध डोळे मिटून बसलेल्या मूर्तीतून उठून माणसांत आला.

कोसंबी स्वतःही तसेच वागले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, पुढे तुरुंगातही गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळला, कामगार वस्तीत, 'बहुजनविहार' काढला.

शेवट मात्र मला पटत नाही. आजारपणात आपली सेवा दुसऱ्यांनी करावी हे त्यांना नको होतं. म्हणून अन्न सोडायचं ठरवलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून थांबले, पण पुढे सेवाग्रामला पुन्हा अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ ला गेले. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाची चार दिवस उशापायथ्याशी बसून सेवा करायला लोक आनंदानं तयार झाले असते. ती त्यांनी करू द्यायला हवी होती, असं मला वाटतं. आमच्या रूमवर यावरून रात्री दोनपर्यंत वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

हार्वर्डचा तो 'विसुद्धिमग्ग' छापून आला १९५० साली. त्यांचं आत्मचरित्र 'निवेदन' आपल्या लायब्ररीत मराठीच्या कपाटात आहे, सध्या माझ्याकडे इश्यू झालंय. सबमिशन संपलं की परत करतो.