चंद्र ठीक, जमीन पातळ

हल्ली कॉलेजात दोघातिघांच्या गळ्यात घरातले जुने फिल्मचे कॅमेरे दिसायला लागलेत. रोल धुऊन आला की तक्रार ठरलेली: वर आकाश पांढरंफटक, खाली माणसं काळी. किंवा आमच्याकडच्या लग्नातले फोटो घ्या. नवरीचा पांढरा गाऊन नीट आला तर नवऱ्याचा काळा सूट म्हणजे नुसता डाग, आणि सुटाच्या घड्या दिसल्या तर गाऊनवरची लेस गायब. उजेड आणि सावली यांच्या ह्या भांडणात ज्याने जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं, त्या अँसेल अ‍ॅडम्सबद्दल हे थोडंसं.

जन्म २० फेब्रुवारी १९०२, सॅन फ्रान्सिस्को. चार वर्षांचा असताना १९०६ चा भूकंप झाला. नंतरच्या एका धक्क्यात पोरगा बागेच्या भिंतीवर आपटला आणि नाक मोडलं, ते जन्मभर वाकडंच राहिलं. शाळेत त्याचा जीव रमेना, तेव्हा वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. असे वडील विरळाच! बाराव्या वर्षी तो आपला आपण पियानो शिकला आणि पुढे बरीच वर्षं पियानोवादकच व्हायचं असं त्याने ठरवलेलं होतं. १९१६ मध्ये घरच्यांबरोबर योसेमिटीच्या दरीत गेला, तेव्हा हातात कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी होता. मग दर उन्हाळ्यात डोंगर आणि एरवी पियानो. शिवाय शहरात एका फोटो धुणाऱ्याकडे अर्धवेळ काम. डार्करूमचं बाळकडू त्याला तिथे मिळालं.

१० एप्रिल १९२७ ला तो हाफ डोम ह्या प्रचंड कड्यासमोर उभा होता. बरोबर आणलेल्या बारा काचेच्या प्लेट्सपैकी दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. शटर बंद झालं आणि त्याच्या लक्षात आलं की चित्र बरोबर येईल, पण आपल्याला कडा जसा जाणवतोय तसं येणार नाही. आकाश फिकट करडं पडेल. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच आकाशाचा निळा उजेड अडवते, म्हणून आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा अंगावर आला. माझ्या मते खरा अ‍ॅडम्स इथे सुरू होतो, कारण छापील चित्र कसं दिसेल ते त्याने शटर दाबायच्या आधीच मनात पाहिलं. पियानो मात्र सुटायला १९३० उजाडलं.

लॉस एंजेलिसला शिकवत असताना १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चरबरोबर त्याने झोन पद्धत बांधली. हिचा फार बाऊ केला जातो. मुळात गोष्ट सोपी आहे. लाइट मीटरला गाऊन कळत नाही, सूटही कळत नाही. जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. म्हणून अ‍ॅडम्सने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या पाडल्या, प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट उजेडाची. ज्या सावलीतला तपशील हवा तिचा उजेड मोजायचा, तिला खालच्या पायरीवर बसवायचं आणि एक्सपोजर त्यावरून ठरवायचं. मग पांढरं फारच वर जात असेल तर डेव्हलपरमधला वेळ कमी करायचा. सावलीचं नशीब कॅमेऱ्यात ठरतं, पांढऱ्याचं बरंचसं डार्करूममध्ये. (आपल्या ३६ फोटोंच्या रोलवर ही चैन नाही, सगळे फोटो एकाच पाण्यात उतरतात. तो मोठी सुटी फिल्म वापरायचा.)

आणि १९४१ च्या शरदात ह्या पद्धतीची परीक्षाच झाली. न्यू मेक्सिकोत हर्नान्देझ नावाच्या खेड्याजवळून गाडी जात होती. चंद्र वर आलेला, आणि मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेलं. गाडी थांबवून त्याने आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा उभा केला, पण लाइट मीटर काही सापडेना! ऊन तर निसटत चाललेलं. चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा मात्र त्याला पाठ होता: २५० कँडल प्रति चौरस फूट. चंद्राला सातव्या पायरीवर बसवून त्याने मनातल्या मनात हिशेब केला, फिल्टरसाठी वेळ वाढवला आणि एफ/३२ वर एक सेकंद दिला. खात्रीसाठी दुसरी फिल्म घ्यायला गेला तोवर क्रुसांवरचं ऊन गेलेलं. हातात एकच निगेटिव्ह.

चंद्र वाचला, पण पुढची जमीन अर्धवट अंधारात होती. धुताना त्याने फिल्म थोडा वेळ डेव्हलपरमध्ये, मग साध्या पाण्यात, अशी दहा वेळा फिरवली. पाण्यात पांढऱ्या भागातला डेव्हलपर लवकर संपतो आणि सावलीतला काम करत राहतो. पण न हलवता ठेवलेल्या फिल्मवर मोकळ्या आकाशात पट्टे उमटायची भीती असते, म्हणून दर वेळी तो फिल्मची दिशा बदलत होता. एवढं करूनही जमीन पातळच राहिली. प्रत्येक प्रिंट काढताना तीच कटकट.

१९४८ मध्ये त्याने ठरवलं की निगेटिव्हलाच हात घालायचा. फिल्म पुन्हा फिक्स केली, धुतली आणि फक्त खालचा भाग इंटेन्सिफायरच्या सौम्य द्रावणात बुडवला. हे रसायन फिल्मवरची चांदी दाट करतं. जरा चुकलं असतं तर क्षितिजावर कायमची रेघ उमटली असती, आणि दुसरी प्रत नव्हती. माझा तर वाचतानाच श्वास अडकला. ते जमलं. जमीन छापण्याजोगी झाली.

काम तरी संपलं नाहीच. प्रिंट काढताना कुठे हाताने उजेड अडवायचा, कुठे जास्त पडू द्यायचा, हे चालूच राहिलं. पुढे कार्मेलच्या घरात त्याने ३६ दिव्यांचा एन्लार्जर ठेवला होता, प्रत्येक दिव्याचं बटण वेगळं, म्हणजे निगेटिव्हच्या ज्या कोपऱ्याला जेवढा उजेड हवा तेवढाच द्यायचा. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये चंद्राच्या वर फिकट ढग दिसतात. वर्षं सरली तसं त्याने आकाश गडद करत नेलं, शेवटी काळंभोर. ह्याला काहीजण लबाडी म्हणतील. आपण कवितेचा चौथा खर्डा करतो त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मला स्वतःला मात्र जुने, ढगवाले प्रिंट जास्त आवडतात.

२२ एप्रिल १९८४ ला तो गेला. एक्सपोजरच्या नोंदींत इतका काटेकोर माणूस, पण तारखांच्या बाबतीत अगदीच ढिला. हर्नान्देझच्या चित्राखाली तो कधी १९४०, कधी १९४४ टाकायचा. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. पहिलं उत्तर ३१ ऑक्टोबर १९४१ आलं. नंतर दुसऱ्याने कॅमेऱ्याची जागा नीट शोधून पुन्हा हिशेब केला, तेव्हा एक दिवस पुढे सरकला: १ नोव्हेंबर, ४ वाजून ४९ मिनिटं.