घोड्यांवर लागलेल्या पैशांचा हिशोब यंत्राला शिकवणारा माणूस : जॉर्ज ज्युलियस

तात्काळ तिकीट काढताना किंवा मॅचची तिकिटं खुली होतात तेव्हा एक गोष्ट नेहमी घडते. हजारो लोक एकाच क्षणी एकच बटण दाबतात. प्रत्येकाचं दाबणं मोजलं गेलं पाहिजे, कोणाचंही दोनदा नको आणि एकही गळायला नको. आजचे सर्व्हर हे कसं करतात यावर आपण आधी बोललो आहोत. पण हा प्रश्न कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे, आणि तो पहिल्यांदा सोडवला गेला घोड्यांच्या शर्यतीसाठी, १९१३ साली, न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात. सोडवणारा माणूस एका बिशपचा मुलगा होता आणि तोपर्यंत त्याने रेसकोर्सवर पायही ठेवलेला नव्हता, असं तो पुढे सांगत असे.

त्याचं नाव जॉर्ज ज्युलियस. जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या नॉर्विचचा. वडील चर्चिल ज्युलियस धर्मगुरू. जॉर्ज दहा-अकरा वर्षांचा असताना सगळं कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं, आणि नंतर वडील न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चचे बिशप झाले. या वडिलांना एक नाद होता, घड्याळं खोलून दुरुस्त करायचा. मुलगा शेजारी बसून मदत करायचा. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिथूनच येतं.

१८९६ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेत नोकरीला लागला. तिथे त्याचं काम लाकडाची ताकद तपासायचं. स्लीपरला कुठलं लाकूड टिकेल, किती वजन पेलेल वगैरे. १८९८ मध्ये त्याने ईव्हा ओ'कॉनरशी लग्न केलं. तिचे वडील सी. वाय. ओ'कॉनर हे त्या भागातले सगळ्यात मोठे इंजिनिअर. पर्थजवळून सोन्याच्या खाणींपर्यंत, सुमारे ५३० किलोमीटर, वाळवंटातून पाण्याची पाइपलाइन न्यायचं काम त्यांच्याकडे होतं. वर्तमानपत्रं आणि राजकारणी त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. पाणी तिथवर पोचणारच नाही, पैसे बुडणार, असं रोज छापून यायचं. मार्च १९०२ मध्ये ओ'कॉनर यांनी आत्महत्या केली. जानेवारी १९०३ मध्ये पाणी पोचलं.

ज्युलियसने या घटनेतून काय घेतलं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या घरात सासऱ्याचं गणित बरोबर होतं आणि तरी अनिश्चिततेचे ते काही महिने त्यांना पेलले नाहीत, त्या घरातला हा जावई होता. मला त्याचं पुढचं काम वाचताना हे सारखं आठवतं.

मतपेटी नाकारली, म्हणून घोडे

१९०७ च्या सुमारास तो सिडनीला आला. मोकळ्या वेळात त्याने एक मतदान यंत्र तयार केलं. मतदाराने कळ दाबली की मत मोजलं जाईल, घोळ नाही, खाडाखोड नाही. म्हणजे आपल्या ईव्हीएमचा दातेरी चाकांवर चालणारा पूर्वजच. सरकारला ते नको होतं. यंत्र पडून राहिलं.

मग ओळखीच्या एकाने त्याला टोटची अडचण सांगितली. टोट, म्हणजे टोटलायझेटर. हे काय असतं ते इथे नीट बघूया, कारण नवखा माणूस रेसकोर्सवर गोंधळतो तो इथेच.

शर्यतीवर पैसे लावायचे दोन मार्ग. पहिला बुकी. तो तुम्हाला एक भाव देतो, तुम्ही तो घेता, आणि हरलात तर पैसे त्याचे. दुसरा मार्ग जोसेफ ओलेर या माणसाने १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये रूढ केला. सगळ्यांचे पैसे एका ढिगात टाकायचे, ठरलेला हिस्सा आयोजकाने आणि सरकारने काढून घ्यायचा, उरलेलं जिंकणाऱ्या घोड्याच्या तिकिटांवर वाटायचं. याला पूल म्हणतात. इथे भाव कोणी ठरवत नाही, तो आपोआप पडतो.

माझ्या मनचं उदाहरण घेऊ. चार घोडे, एकूण १०,००० रुपये जमले. पहिल्यावर ५,०००, दुसऱ्यावर २,५००, तिसऱ्यावर २,०००, चौथ्यावर ५००. समजा कपात २० टक्के, म्हणजे वाटायला ८,०००. आता १० रुपयांच्या तिकिटाला पहिला घोडा आला तर १६ रुपये, दुसरा ३२, तिसरा ४०, आणि चौथा आला तर १६०.

हे चार आकडे दाखवायचे असतील तर प्रत्येक घोड्याची बेरीज आणि एकूण बेरीज क्षणोक्षणी माहीत हवी. हाताने चालणाऱ्या टोटमध्ये हे कारकून करायचे. प्रत्येक खिडकीवरचा आकडा गोळा करा, मिळवा, फळ्यावर लिहा. शर्यत सुटायच्या आधीच्या शेवटच्या काही मिनिटांत सगळी गर्दी उसळते आणि बेरीज मागे पडते. बेरीज चुकली की वाटणी चुकली, आणि चिडलेली माणसं खिडकीवर.

बटण सगळ्यांनी एकदम दाबलं तर?

ज्युलियसला कळलं की आपलं मतदान यंत्र नेमकं हेच करतं. घोडा म्हणजे उमेदवार, तिकीट म्हणजे मत. पण एक गाठ सुटायची होती. एकाच घोड्याचं तिकीट तीन खिडक्यांवर एकाच क्षणी विकलं गेलं तर? साधा काउंटर एका वेळी एकच धक्का मोजतो. बाकीचे दोन वाया.

त्याचं उत्तर दोन तुकड्यांत होतं. पहिला तुकडा घड्याळातला. घड्याळात एस्केपमेंट नावाची यंत्रणा असते, ती चाकाला एका वेळी एकच दाता पुढे जाऊ देते. टिकटिक आवाज तिचाच. प्रत्येक तिकीट विकलं की त्या खिडकीचं चाक एक दाता सुटायचं. दुसरा तुकडा तुमच्या गाडीत आहे. वळणावर इंजिनने फिरणारी दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात, तरी इंजिनची एकच दांडी दोघांना जोडलेली असते, ते डिफरन्शियल गिअरमुळे. हाच गिअर उलटा वापरला तर दोन दांड्यांच्या फिरण्याची बेरीज तिसऱ्या दांडीवर मिळते. दोन्ही एकदम फिरल्या तरी बेरीज बरोबरच येते, कारण इथे कोणाला थांबायची, रांग लावायची गरजच पडत नाही. असे गिअर एकापुढे एक जोडत गेलं की कितीही खिडक्यांची बेरीज शेवटच्या एका दांडीवर येते. मला विचाराल तर या माणसाची खरी हुशारी इथे आहे, बाकी सगळं कारागिरी.

१९१३ साली ऑकलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर हे यंत्र बसलं. एक अख्खी इमारत भरून तारा, कप्प्या, साखळ्या आणि लोखंडी पेट्या. वीज नाही. जुन्या टॉवरच्या घड्याळासारखी वजनं वर चढवून ठेवायची आणि ती खाली उतरताना यंत्र चालायचं. तिकीट विक्रीच्या जागा ३०. बघायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत होतं की हा पसारा चालणार नाही. तो चालला. पुढची यंत्रं विजेवर आली, आणि नंतर त्यांनी नुसत्या बेरजा न दाखवता भाव काढून दाखवायलाही सुरुवात केली. म्हणजे लोकांनी पैसे टाकायचे आणि त्याचा परिणाम त्याच लोकांना समोर दिसायचा. लाइव्ह स्क्रीनची कल्पना ही अशी, दातेरी चाकांतून आली.

स्क्रीनवरचा आकडा नक्की काय सांगतो

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मामेभावाबरोबर पुण्याच्या रेसकोर्सवर गेलो होतो. त्याची पहिलीच वेळ. टोटच्या स्क्रीनकडे तो एकटक बघत उभा. रांगेत लागताना त्याच्या घोड्याचा भाव वेगळा होता, तिकीट हातात आलं तोवर उतरला होता. शर्यत सुटताना आणखी उतरला. तो म्हणाला, अरे दादा, माझा भाव कुठे गेला? मी त्याला सांगितलं की तो तुझा कधी नव्हताच. टोटमध्ये तुम्ही भाव विकत घेत नाही, हिस्सा घेता, आणि किती जणांत वाटायचा ते खिडक्या बंद झाल्यावरच कळतं. घोडा येईल की नाही ही एक अनिश्चितता, आला तर किती मिळेल ही दुसरी. नवखे लोक पहिलीचा विचार करतात, दुसरी विसरतात.

आणि आकडा घोड्याबद्दल काही सांगतच नाही. तो गर्दीबद्दल सांगतो. वरच्या उदाहरणात पहिल्या घोड्यावर निम्मे पैसे आहेत, याचा अर्थ गर्दीच्या मते तो दोनपैकी एकदा येईल. गर्दी बरोबर आहे असं धरू. मग त्याचं १० रुपयांचं तिकीट सरासरी किती परत देतं? निम्म्या वेळा १६, म्हणजे ८ रुपये. चौथा घोडा शंभरात ५ वेळा येणार, देतो १६०. सरासरी पुन्हा ८ रुपये. दुसरा आणि तिसराही करून बघा, तेच येईल. म्हणजे कुठलाही घोडा निवडा, सरासरी तीच. बदलतो तो फक्त झोका. पहिल्यावर तुम्ही हळूहळू झिजता. चौथ्यावर बराच काळ काही नाही आणि मग एकदम मोठं काहीतरी. ओळीने २० शर्यतींत तो एकदाही न यायची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास आहे. एवढं वाट बघून झालं की आता येणारच असं मनाला वाटू लागतं. यंत्राला तसं काही वाटत नाही.

खरं तर चौथ्याचं गणित याहूनही वाईट असतं. अनेक देशांतल्या शर्यतींच्या आकडेवारीत असं दिसलंय की लांबच्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. १६० चा आकडा डोळ्यांत भरतो ना!

आणखी एक हिशोब. १०० रुपये घेऊन आलात आणि जे परत मिळेल ते पुढच्या शर्यतीत पुन्हा लावलंत, तर सरासरीने तीन शर्यतींनंतर ५१ उरतात, दहा शर्यतींनंतर ११. कोणी फसवलेलं नाही. प्रत्येक वेळी २० टक्के निघाले, एवढंच. मामेभावाला मी हे तिथेच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. मग आम्ही पुढच्या चार शर्यती पैसे न लावता बघितल्या. आपला घोडा आधी नोट्समध्ये लिहायचा, खिडक्या बंद होतानाचा भाव शेजारी लिहायचा, आणि शेवटी बेरीज. अनिश्चितता सवयीची करून घ्यायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. ज्याला लावायचेच असतील त्याने घरून निघतानाच रक्कम ठरवावी, पॅडकमध्ये घोडे बघितल्यावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, हे बरेच जण ऐकवतात. बरोबर आहे. पण टोटमध्ये तुमचं कौशल्य घोड्याशी लढत नाही, बाकीच्या गर्दीच्या कौशल्याशी लढतं, आणि तेही कपात भरून निघेल इतकं जास्त असावं लागतं. फोनवरच्या पैसे लावायच्या खेळांचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदाच केला. तेव्हा कोणी लिंक पाठवली तर उघडायच्या आधी विचार करा.

पुढचा ज्युलियस

१९१७ मध्ये त्याने ऑटोमॅटिक टोटलायझेटर्स नावाची कंपनी काढली आणि यंत्रं जगभर गेली. १९२८ मध्ये पॅरिसच्या लाँगशाँपला बसलं. ज्या शहरात पूलची पद्धत सुरू झाली तिथेच. १९२९ मध्ये त्याला सर हा किताब मिळाला.

पण किताबाच्या आधी, १९२६ साली, ऑस्ट्रेलियाच्या नव्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेचा तो अध्यक्ष झाला होता आणि १९४५ पर्यंत राहिला. ही संस्था पुढे सीएसआयआरओ झाली. त्याच्याच काळात, १९३९ मध्ये, तिथे रेडिओ लहरींवर काम करणारा विभाग उघडला, रडारसाठी. त्याच परंपरेतल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात वायफायचा एक महत्त्वाचा पेटंट मिळवला. घरातल्या भिंतींवर आपटून लहरी परत येतात आणि सिग्नल गढूळ होतो, तो साफ कसा करायचा याचं ते तंत्र. तुम्ही हा लेख वायफायवर वाचत असाल तर त्या संस्थेचं काम आत्ता तुमच्या हातात आहे.

ज्युलियस जून १९४६ मध्ये सिडनीत वारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एनियाक हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर जगासमोर आला होता. दातेरी चाकांची यंत्रं तरीही लगेच थांबली नाहीत. लंडनमध्ये हॅरिंगे इथे कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. तिथे १९३० मध्ये बसवलेलं ज्युलियसचं यंत्र ते मैदान बंद होईपर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, बेरजा करत होतं. आता ते लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ताब्यात आहे.